गोलातली मोकळी जागा

सहावा माणूस बोलून संपला तेव्हा कोचबाईंनी घड्याळावरची नजर वर उचलली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की समोर माणसं पाचच आहेत.

त्यांनी पुन्हा मोजली. मोजण्यात चूक व्हायला ती काही शाळेची सहल नव्हती. खिडकीपाशी टेस्टिंग करणारी ताई, तिच्या शेजारी चष्मेवाला प्रोग्रॅमर, मग आणखी दोघं प्रोग्रॅमर, ज्यांचं एकमेकांवाचून पान हलत नसे म्हणून सगळं ऑफिस त्यांना जोडगोळी म्हणायचं, आणि दाराच्या बाजूला सर्व्हर सांभाळणारे नाना. नाना आणि ताई यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटली होती. बाकीचे खांद्याला खांदा लावून उभे होते, पण ती जागा बुजवायला कोणी सरकत नव्हतं.

"शेवटी कोण बोललं?" कोचबाईंनी विचारलं.

"नाना," चष्मेवाला म्हणाला, आणि सगळे आपापल्या टेबलाकडे पांगले.

नाना बोलले होते खरे. कुठल्याशा सर्व्हरची डिस्क भरत आली आहे, हे त्यांचं बोलणं कोचबाईंनी ऐकलं होतं. पण त्यानंतर आणखी एका पुरुषाचा आवाज आला होता. हळू, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. काय बोलला ते आता सांगता येत नव्हतं, पण त्यांनी त्यावर मानही डोलावली होती. प्रवासाचा शीण असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय मनातल्या मनात मिटवला. विषय मिटवण्यात त्यांचा हातखंडा होता.

उभं आयुष्य त्यांनी माणसांना उभं करण्यात घालवलं होतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत काम रुतून बसलं की ती कंपनी कोचबाईंना बोलावत असे. मग त्या जाऊन शिकवत, की वर्षाचं काम एका घासात गिळू नका. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करा, एक तुकडा पुरा करा, दाखवा, काय चुकलं ते एकमेकांना तोंडावर सांगा आणि पुढचा घ्या. रोज सकाळी गोल करून उभं राहायचं. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, आणि अडलंय कुठे. उभ्यानेच, कारण बसलेला माणूस बोलायचा थांबत नाही, हा त्यांचा अनुभव. याला सगळे स्टँडअप म्हणत. कोचने गोलाच्या बाहेर राहायचं, ऐकायचं, आणि आपल्यावाचून यांचं चालायला लागलं की बॅग उचलून निघायचं.

हा उद्योग त्यांच्या नवऱ्याच्या कधी पचनी पडला नाही. "म्हणजे तू करतेस काय नक्की?" असं ते लग्नानंतर कित्येक वर्षं विचारत राहिले, आणि उत्तर ऐकून दर वेळी तितकेच चकित झाले. दहा महिन्यांपूर्वी ते गेले. कोचबाईंनी तेही काम तुकडे करून उरकलं. एक दिवस बँक, एक दिवस कपाट, एक दिवस औषधं. रजा संपली त्या दिवशी त्या कामावर हजर होत्या. मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, इतकी कशाची घाई गं?" त्यावर त्या म्हणाल्या, काम कुणासाठी थांबतं का.

पण एक गोष्ट त्यांनी मुलालाही सांगितली नव्हती. त्यांना नवऱ्याचा आवाज आठवत नव्हता. चेहरा आठवे, चपलांची फरपट आठवे, वर्तमानपत्राची घडी घालायची पद्धत आठवे. आवाज मात्र पार पुसला गेला होता. त्या माणसाला फोनचा इतका तिटकारा की मागे एक रेकॉर्डिंग म्हणून नव्हतं. रोज सकाळी जाग आली की कोचबाई डोळे न उघडता तो आवाज शोधत आणि हात हलवत उठत.

दुपारी मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सगळं सांगितलं. ही टीम शहराच्या पाण्याची प्रणाली सांभाळत होती. कुठल्या टाकीचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी बंद करायचा, ते यांचं सॉफ्टवेअर ठरवायचं. टीममधले सर्वांत जुने प्रोग्रॅमर, ज्यांना सगळे काका म्हणत, हिवाळ्यात झोपेतच गेले. तेव्हापासून टीम वरवर झकास चालली होती. भांडण नाही, वाद नाही, मीटिंग पाच मिनिटांत खलास. आणि गेल्या महिन्यात अचानक टेकडीवरच्या वस्तीचं पाणी सकाळपासून दुपारपर्यंत बंद राहिलं. त्या वस्तीत बाळंतिणींचं हॉस्पिटल होतं. तिथल्या नर्सेसनी खालच्या चौकातून बादल्या वाहिल्या. नवी प्रणाली बसवताना काही टाक्या नवीवर गेल्या, काही जुनीवरच अडकल्या, असा गोंधळ झाला होता आणि तो कसा झाला हे पाचांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं.

"येत्या सोमवारी काकांच्या जागी नवीन मुलगी येतेय," साहेब म्हणाले. "ती त्या गोलात उभी राहिली पाहिजे. नाहीतर मी टीम मोडतो, पाच जणांना पाच ठिकाणी टाकतो. तुम्ही शुक्रवारी काय ते लिहून द्या."

कोचबाई म्हणाल्या, होऊन जाईल. असल्या टीम त्यांनी पोत्याने पाहिल्या होत्या.

ताईला त्यांनी चहाच्या मशीनपाशी गाठलं. ताई चाळिशीची, बोलायला मोकळी, पण त्या जागेचा विषय काढल्यावर कपात बघायला लागली. काकांची पाळी आली की आम्ही जरा थांबतो आणि पुढे जातो, एवढंच म्हणाली. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तसं आपसूक झालं आणि मग तशीच सवय पडून गेली.

"आणि तेव्हा काही ऐकू येतं?" कोचबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं.

"त्याबद्दल बोलायचं नाही असं आहे आमच्यात."

"कोणी ठरवलं हे?"

"कोणीच नाही." ताईने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "बोललं तर जातील असं वाटतं, बाई. आम्ही एकमेकांनाही कधी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी कोचबाई कान टवकारूनच उभ्या राहिल्या. नानांचं बोलणं संपलं आणि सगळे गप्प झाले. कुणी मान खाली घातली नाही की डोळे मिटले नाहीत. बसस्टॉपवर उभी असतात तशी साधी माणसं उभी होती. पण पाचही जणांचे चेहरे हळूहळू सैल झाले, कुणीतरी ओळखीचं घरात आल्यासारखे. आणि त्या शांततेत, अगदी स्पष्ट, कुणीतरी घसा खाकरला. बोलायच्या आधी दोनदा खाकरायची ती सवय कोचबाईंनी तीस वर्षं ऐकली होती. त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलेपर्यंत मीटिंग संपली होती.

तो दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. बुधवारी त्या भिंत सोडून मोकळ्या जागेच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. नाना काळजीने म्हणाले, "बाई, त्या बाजूला नका उभ्या राहू. गार लागतं तिथे." गार लागत होतंच. माठाजवळ हात नेला की लागतो तसा गारवा त्या जागेतून येत होता, आणि वर पाहिलं तर एसीचं तोंड पार दुसऱ्या टोकाला होतं. एक एक पाळी सरकत आली. नाना बोलले, थांबले. खाकरणं झालं.

"बस की जरा," नवरा म्हणाला.

तोच आवाज. थोडा बसका, शब्द संपवायची घाई नसलेला. जन्मभर तो माणूस हेच म्हणत आला होता. जेवताना, पाहुणे असताना, रात्री किल्ल्या शोधताना. बस की जरा. कोचबाई मागच्या टेबलाचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना इतकं सुख झालं की त्याची भीती वाटली.

त्या दुपारी त्यांनी आपल्या धंद्यातलं पहिलं खोटं लिहिलं. टीम नाजूक अवस्थेत आहे, रचनेत इतक्यात बदल नको, नवीन मुलीला तूर्त दुसरीकडे घ्यावं, आणि आणखी तीन महिने कोच रोज सकाळी हजर हवा. वाक्यं अशी गुळगुळीत उतरली होती की साहेबांनी ती डोळे झाकून मान्य केली असती. टेकडीवरच्या त्या बादल्यांचा उल्लेख त्यांनी केला नाही. तीन महिने, रोज सकाळी एकदा. त्यानंतरचं त्यानंतर पाहता आलं असतं.

गुरुवारी सकाळी दुरुस्त केलेली नवी प्रणाली चालू करायची की नाही, याचा निकाल लावायचा होता. चष्मेवाल्याने आपल्या पाळीला सांगितलं की त्याच्याकडून तयार आहे. ताई म्हणाली, टेकडीच्या टाकीची एक तपासणी तिला पटलेली नाही. कोणी वाद घातला नाही. पाळी फिरत मोकळ्या जागेपाशी आली, सगळे थांबले, सैल झाले. कोचबाईंना पुन्हा तेच तीन शब्द मिळाले. मग मीटिंग संपली आणि सगळे समाधानाने जागेवर गेले.

कोचबाई अजून तिथेच उभ्या होत्या म्हणून त्यांना दोन्ही पडदे एकदम दिसले. चष्मेवाला नवी प्रणाली एकेका टाकीला पाठवत होता. त्याच्याकडे पाठ करून बसलेली ताई त्याच टाक्या एकेक करून कुलूपबंद करत होती, म्हणजे नवं काही आत जाऊ नये. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता, मोठ्यांनी सांगितलेलं काम मन लावून करणाऱ्या मुलाचा. आणि खाली ओळीने नावं होती टाक्यांची. टेकडीची चौथी होती.

गेल्या महिन्यात काय झालं असेल ते कोचबाईंना कळलं.

"सगळ्यांनी हात वर करा," त्या म्हणाल्या. "कीबोर्डवरचे हात. आणि परत गोलात या."

टीम आली. एकदा सकाळी झालेला गोल परत करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, त्यामुळे जोडगोळी जरा गोंधळली, पण नाना आणि ताई यांच्यामध्ये जागा आपोआप सुटली.

कोचबाईंनी त्यांना आठवण करून दिली. एखादं काम किती मोठं आहे हे ठरवताना आपण काय करतो? प्रत्येकाने मनात आकडा धरायचा आणि सगळ्यांनी एकदम दाखवायचा. एकामागून एक सांगितलं तर माणसं वडीलधाऱ्याची री ओढतात. एकदम दाखवलं की कोणाच्या मनात काय ते उघडं पडतं. "आज आकडा नको. मगाशी या जागेतून जे ऐकू आलं ते सांगायचं. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी, एकदम."

ताईचा चेहरा पांढरा पडला. "बाई, ते बोलायचं नाही."

"टेकडीवर परत पाणी बंद होईल, ताई. आज. तुमच्या दोघांच्या हातून."

ताईने चष्मेवाल्याच्या पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या. तिने मान डोलावली.

"एक. दोन. तीन."

"थांब पोरी."

"सोडून दे, घाबरू नको."

"दादा, दार उघड."

"तुझी चूक नव्हती रे."

"बाबा, मी आलो."

"बस की जरा."

सहाही वाक्यं एकमेकांवर आदळली आणि विरली. शेवटचं स्वतःच्याच तोंडून निघालं हे कोचबाईंना बाकीचे त्यांच्याकडे वळून बघायला लागले तेव्हा समजलं.

जोडगोळीतले दोघं एकमेकांकडे बघत होते. एका डब्यात जेवणारी माणसं, पण दाराबाहेरून हाक मारणाऱ्या बहिणीबद्दल एकाने आणि ज्यात आपली चूक नव्हती त्या अपघाताबद्दल दुसऱ्याने आजवर सांगितलं नव्हतं. चष्मेवाला पुटपुटला, माझी आजी, परीक्षेला जाताना म्हणायची. नानांना कोणी काही विचारलं नाही. ते भिंतीला टेकले होते.

"पण काकाच ना?" ताई म्हणाली. "काका मला पोरी म्हणायचे. तुम्हाला कुणालाच काका नाही आले?"

बाकीच्या चौघांनी नकारार्थी माना हलवल्या. इतके महिने सगळ्यांना एकच सांगणं येतंय असं समजून पाच जण पाच दिशांना चालले होते आणि वाद होत नाही म्हणून खुशीत होते.

"मग तिथे आहे तरी काय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"मला माहीत नाही," कोचबाई म्हणाल्या. "पण जे काय आहे त्याला व्हॉल्व्हमधलं काही कळत नाही. ते ज्याला जे हवं ते देतं."

ताईने डोळे पुसले. एकच दिवस द्या, ती म्हणाली. उद्या सकाळी एकदा शेवटचं थांबू, नीट निरोप घेऊ, मग सोमवारी नवीन मुलगी येऊ दे. सगळ्यांनी आशेने कोचबाईंकडे पाहिलं. त्यांना काय ठाऊक, त्या पाचांपेक्षा जास्त कोणाला तो एक दिवस हवा होता. उद्या अजून एकदा आवाज मिळाला असता. आणि परवा त्यांनीच काहीतरी कारण काढून आणखी एक दिवस मागितला असता, हेही त्यांना तितकंच स्वच्छ दिसत होतं. उद्यावर टाकलेल्या कामाचं पुढे काय होतं, हे शिकवूनच त्या पोट भरत आल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "आत्ताच. सगळे एक पाऊल पुढे या."

पाचही जण एक पाऊल पुढे आले. गोल लहान झाला. नाना आणि ताई यांच्यातली जागा मात्र तेवढीच राहिली, एक माणूस मावेल एवढी. कोचबाईंनी आणखी एक पाऊल यायला सांगितलं. आता बुटांची टोकं एकमेकांना लागत होती, चष्मेवाल्याला श्वास घ्यायला अंग चोरावं लागत होतं, आणि तरी ती जागा तेवढीच. ताईने नानांकडे हात लांबवला. हात मध्येच थांबला आणि तिने तो भाजल्यासारखा मागे घेतला.

तिथे जिवंत माणूस उभा राहिल्याशिवाय ती जागा मिटणार नव्हती. सोमवारी बिचाऱ्या नवीन मुलीला काही न सांगता त्यात ढकलायचं, किंवा आज कोणीतरी जायचं. कोचने गोलात शिरायचं नसतं. कोचबाईंनी हा नियम जन्मात मोडला नव्हता. त्या पुढे झाल्या, ताई आणि नाना यांच्यामध्ये शिरल्या आणि वळून उभ्या राहिल्या.

क्षणभर गळ्यापर्यंत थंडगार पाणी चढल्यासारखं झालं. अगदी कानाशी कोणीतरी श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा. त्यांनी दात घट्ट आवळले आणि "ताई, सुरू करा," असं जोरात म्हटलं. तो श्वास पुढे शब्द झाला नाही. डाव्या खांद्याला ताईचा खांदा लागला, उजव्याला नानांचा, आणि दोन्ही ऊबदार होते.

ताई अडखळत बोलली. काल तिने तपासण्या केल्या. आज टेकडीची तपासणी पुरी होईपर्यंत नवं काही सोडायचं नाही, असं ती सांगतेय. "मी सांगतेय," ती पुन्हा म्हणाली, "काकांनी नाही." चष्मेवाला त्यावर तडकला, दोघांची चांगली जुंपली, आणि शेवटी दुपारपर्यंत थांबायचं ठरलं. कित्येक महिन्यांत त्या खोलीत असं भांडण झालं नव्हतं. जोडगोळीची पाळी झाली. नानांनी डिस्कचं सांगितलं. मग सवयीने सगळे थांबले आणि कोचबाईंकडे बघायला लागले.

इतकी वर्षं त्यांनी शेकडो माणसांना तीन प्रश्न विचारले होते. त्यांना ते कोणी विचारले नव्हते.

"काल मी एक खोटा अहवाल लिहिला," त्या म्हणाल्या. "आज तो टाकून देऊन खरा लिहिते. आणि अडलंय म्हणाल तर... माझे मिस्टर गेले. दहा महिने झाले. मी कुठेच थांबले नाही. आणि आता मला पुढे जाता येत नाहीये."

गोलात अडचणीवर चर्चा करायची नसते. ज्याला मदत करता येईल त्याने मीटिंग संपल्यावर मागे राहायचं, हा त्यांनीच घालून दिलेला शिरस्ता. मीटिंग संपली होती. कोणीही जागचं हललं नाही. कोचबाईंनी न राहवून कान दिला. एसीची घरघर होती, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. बस.

"कसं बोलायचे हो ते?" ताईने हळूच विचारलं.

कोचबाईंनी आठवून पाहिलं. मगाशी, या पाचांच्या देखत, इथेच ऐकला होता. शब्द होते, आवाज नव्हता.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "सावकाश बोलायचे. एवढंच आठवतंय."